तळ्यात गेलेली राणी

आमच्या शेजारच्या शेवंताकाकूंना बोलणारी मगर चालते, पण डोळा बदललेली मगर चालत नाही.

संध्याकाळी टीव्हीवर पाताळनगरीची एक मालिका लागायची. "मगर बोलंना का," काकू मला म्हणाल्या, "पर पोळ्याच्या आधी ती डाव्या डोळ्यानं आंधळी व्हती. आता उजवा का म्हून झाकलाय?"

सिरसाळ्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक युरियाची चौकशी करत असलं, तरी काकू पायरीवर उभ्या राहून विचारायच्या, "त्या अंगठीचा उलगडा झाला का?" गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघायचं. अंगठी राक्षसानं गिळलेली असायची आणि पुढच्या आठवड्यात प्रधानाच्या बोटात दिसायची. मालिका लिहिणाऱ्याची चूक, हे काकूंना मान्यच नव्हतं. प्रधान चोर आहे, एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा मी म्हणालो, "काकू, जादूच आहे ती. जादूत काहीही होतं."

मी खतात माती मिसळून विकतो अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जादूला बी कायदा असतो. आज दार मंतरानं उघडलं, तर उद्या लाथ मारून उघडायचं न्हाई."

दिवाळी झाली की काकूंचा मुलगा आणि सून सुनीता ऊसतोडीला जातात. नातवंडं काकूंकडे राहतात. सुनीता रोज संध्याकाळी कोपीवरून, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीवरून, फोन करते. सासूसुनेचं घरी असतानाही फार बोलणं नाही. भाकरीच्या जाडीवरून दोघी आठवडाभर अबोला धरू शकतात. फोनवर "पोरं जेवली का", "जेवली", एवढ्यात विषय संपतो. पण मालिकेचं निघालं की काकूंची जीभ सैल व्हायची. कोपीवर टीव्ही नाही, म्हणून त्या अख्खा भाग सांगायच्या, प्रधानाला शिव्या घालत. फोन स्पीकरवर असल्यामुळे सुनीताचं हसणं आमच्या ओट्यापर्यंत यायचं.

संक्रांतीच्या सुमारास मालिका अचानक बंद झाली. राणी तळ्यात उतरली, ती वर आलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागी गाण्यांची स्पर्धा लागली. मला वाटलं, काकू आता उपोषणाला बसणार. पण त्या दुकानाच्या पायरीकडे फिरकल्याही नाहीत. मला जरा काळजीच वाटली.

मग एका संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो, तर शेजारून आवाज आला, "मग प्रधानानं काय केलं, ऐक."

काकूंनी मालिका पुढे चालू ठेवली होती. प्रधानाची चोरी भर दरबारात उघडी पडली. मगरीला एक जुळी बहीण निघाली. मूळ मालिकेनं घातलेला सगळा घोळ काकू रोज थोडा थोडा निस्तरत होत्या, आणि खरं सांगायचं तर मूळ मालिकेपेक्षा हे झकास होतं. मीही दुकान लवकर बंद करू लागलो. फक्त राणी काही तळ्यातून बाहेर येईना.

शेवटी मी विचारलं. काकू अंगणात ज्वारी निवडत होत्या.

"सगळ्याचा उलगडा केलात काकू, राणीचाच का नाही?"

"राणी वर आली की गोष्ट सरली," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "मग सुनीतासंगं मी काय बोलू? दिसभर मोळ्या वाहून येती ती. तिच्याशी चार शब्द बोलावं, असं लई वाटतं. पर मला नुसतं बोलता येत न्हाई, बाबा."

मी चेष्टा करायच्या तयारीनं गेलो होतो. ते सोडून मी आपला सुपातले खडे वेचायला लागलो.

मग म्हणालो, "पण राणी कुठे आहे, हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"न्हाई," काकू म्हणाल्या. "उसाचा हंगाम सरून कारखाना बंद झाला की सुनीता येतीच की घरी. मग दोघी बसून ठरवू."