अंगठ्याची गाडी

निलंग्याच्या बाजारात अजीजचाचांपुढं चहाचा कप धरला, की ते आधी हात पालथा करतात. नवखा चहावाला नको म्हणाले समजून कप घेऊन चालायला लागतो. मग चाचा मागून म्हणतात, "थांब की बाबा, अंगठा येऊन राहिला." आणि खरंच, मागोमाग अंगठा हळूच पुढं येतो.

त्यांचं बांगड्यांचं दुकान माझ्या फॉल-पिकोच्या दुकानाला लागून. गेल्या साली शोकेसची काच फुटून त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या बुडात घुसली. तिथलं मांस गेलं, नसही गेली. बांगडी भरायची तर समोरचीचा पंजा अंगठ्यानं दाबून लहान करावा लागतो. ते आता होईना. दुकान पोरानं सांभाळलं, पण शकीलाचाचींचं काय? लग्नापासून त्यांना बांगड्या भरल्या त्या चाचांनीच. पोराकडून भरून घ्यायला बाई काही तयार होईना. जुन्यातल्या दोनच काचेच्या उरलेल्या, भांडी घासतानाही जीव मुठीत धरून घासायच्या.

लातूरच्या डॉक्टरांनी चाचांच्या मांडीतली मांसाची पट्टी तिच्या नसेसकट काढून अंगठ्याच्या बुडाशी बसवली. हात पालथा करणाऱ्या नसेची फांदी तिला जोडली. नस मुळीसारखी हळूहळू वाढत मांसात शिरंल, मग हात पालथा करायचं मनात आणलं की अंगठा हलंल, असं त्यांनी समजावलं. चाचांना शंका एकच, सायकल चालवल्यावर अंगठा थकंल का?

परत आले ते येडच घेऊन. मनगटापासून टिचक्या मारत जायचं, मुंग्या कुठवर येतात ते बघायचं आणि गल्लीला सांगायचं. नस म्हणजे गाडी, मनगट म्हणजे लातूर, अंगठा म्हणजे निलंगा, मधी वाटेतली गावं. "औसा सुटलं बघा बाई." "लामजन्यालाच थांबून राहिली." मला आधी लई राग यायचा, काय हे दिवसभर टुकटुक! मग माझाच जीव राहीना. मशीन थांबवून मीच विचारायची, चाचा, गाडी कुठवर आली?

एकदाची गाडी निलंग्यात शिरली. अंगठा जरासा थरथरला आणि चाचांनी गल्लीला पेढे वाटले. प्रत्येक पेढा उचलायला आधी हात पालथा. बघून बघून हसू आवरेना.

बकरी ईदच्या आदल्या दुपारी दुकान बायांनी भरलेलं. चाची डबा घेऊन आल्या. चाचांनी त्यांना समोर बसवलं, हिरवी बांगडी काढली, हात पालथा केला, पण अंगठा पुरता यायच्या आतच बांगडी सारली. बांगडी तडकली.

चाचांनी हात खाली ठेवला. "पोराकडून भर," म्हणाले. गाडीचं नाव नाही, गंमत नाही. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

चाचींनी हात मागं घेतला नाही.

"मी स्टँडवरच हाय," त्या म्हणाल्या. "येऊ द्या की तुमची गाडी. मला कुठं जायाचंय?"

चाचांनी पुन्हा हात पालथा केला. अंगठा सावकाश आला, पंज्यावर टेकला, पंजा दबला. बांगडी सरकत मनगटात गेली. मग चाचा दुसरी घ्यायचं विसरून तो पंजा तसाच धरून बसले. गिऱ्हाइकं खोळंबली होती, पण घाई कुणालाच नव्हती.