खोलीच्या रंगास हरकत नसल्याबाबत

माणसाने स्वतःच्या घरातल्या झोपायच्या खोलीला कोणता रंग द्यावा, याविषयी सरकारचे काहीही धोरण नव्हते, आणि नेमकी हीच गोष्ट दिनकररावांना धोक्याची वाटली.

दिनकरराव परभणी जिल्ह्यातल्या एका कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून, होते. जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात जाऊन वर्ष होत आले होते. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, मिसलीला फाइल म्हणायची सवय जिभेला हळूहळू लागत होती. अशा दिवसांत त्यांची मुलगी सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला द्यायची ती मागची लहानशी खोली, एका झरोक्याची. भिंतींना आधीच्या राजवटीतला हिरवा रंग, आणि त्यावर दिव्याच्या काजळीचा थर.

"सुईण म्हणते, या खोलीत आपला हात आपल्याला दिसत न्हाई," त्यांच्या पत्नी कस्तुराबाई म्हणाल्या. "चुना लावून घ्या. पांढरी भिंत दिव्याचा उजेड परत देते. काळी गिळून बसते."

दिनकररावांना हे पटले. पण हिरवा पुसला तर जुन्यांचा रोष, ठेवला तर नव्यांचा संशय. बाकीच्या रंगांना नुकत्याच झालेल्या निवडणुकीत एकेक पक्ष धनी मिळाला होता. तेव्हा चुन्याचेही आधी सरकारला विचारायचे त्यांनी ठरवले.

"सरकार येणार हाय का इथं निजायला?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"येणार नाही. पण विचारलेलं बरं."

त्यांनी पांढऱ्या चुन्यासाठी अर्ज केला. तहसीलदार साताऱ्याकडून नवे बदलून आले होते. त्यांना वाटले, ही निजामाकडची काही जुनी रीत असावी. दिनकररावांना वाटत होते, मुंबईकडे यासाठी कायदा असणारच.

"पूर्वी तुमच्याकडे काय पद्धत होती?" साहेबांनी विचारले.

"पूर्वी आम्ही विचारत नव्हतो, साहेब."

"म्हणजे पद्धत मोडत होता."

यावर दिनकररावांनी मान खाली घातली, आणि पद्धत अस्तित्वात आली.

ओव्हरसियर पाहणीला आला. त्याने भिंतीवर वेगवेगळ्या रंगांचे पट्टे ओढले आणि निर्णय होईपर्यंत भिंतीला कुणी हात लावायचा नाही असे बजावले. मग विचारले, "या खोलीत निजणाऱ्यांचं डोकं कोणत्या बाजूला असतं?"

"डोकं हाय असं माणूस घरात एकच हाय," कस्तुराबाई म्हणाल्या, "आन् तिचे दिवस भरत आलेत. लवकर काय ते करा."

शेजाऱ्यांनी हे पाहिले. कचेरीतला माणूसच विचारतो, त्या अर्थी विचारावे लागतच असणार. ज्यांना रंग द्यायचा होता त्यांनी अर्ज केले. ज्यांना द्यायचा नव्हता त्यांनी न देण्याची परवानगी मागितली. ताडकळसच्या बाजारात बातमी गेली, तशी माणसे गाड्या जुंपून येऊ लागली. धोंडीबा मेंढपाळाच्या घराला भिंतच नव्हती, काटक्यांचा कूड होता. त्याने सारवणाच्या शेणाचा नमुना पानात बांधून आणला. तो जोडपत्र म्हणून दाखल करून घेण्यात आला.

एवढे काम वाढल्यावर रंग शाखा निघणे ओघानेच आले. अनुभवी माणूस म्हणून दिनकरराव तिचे प्रमुख झाले. शाखाप्रमुखाने स्वतःचाच अर्ज आधी काढणे बरे दिसले नसते, म्हणून तो त्यांनी तळाशी ठेवला.

अखेर शाखेच्या मंजुरीसाठी मुंबईला गेलेल्या पत्राला उत्तर आले. अशी परवानगी कुठेच लागत नाही, कधीच लागत नव्हती, आणि हा प्रकार सुरू कुणी केला ते कळवावे. दिनकररावांनी शेवटचे वाक्य गाळून उत्तर रांगेला वाचून दाखवले. रांग हलली नाही.

"परवानगी लागत न्हाई, हे लय झाक झालं," धोंडीबा म्हणाला. "तेवढं लिहून द्या की मालक. शिक्का मारून."

मागच्यांनीही तेच म्हटले. दिवस मावळेपर्यंत दिनकरराव दाखल्यांवर शिक्के मारीत बसले. स्वतःचा दाखला त्यांनी सर्वांत शेवटी घेतला आणि घराकडे निघाले.

कस्तुराबाई शेजारच्या सुगंधाबाईंच्या दारात उभ्या होत्या.

"नात झाली."

"इथं?"

"इथं दिसत होतं."

आत सुगंधाबाईंच्या चारही भिंती चुन्याने लख्ख होत्या. एका चिमणीच्या उजेडाने खोली भरली होती आणि सुमनच्या कुशीत तांबडी लाल पोर डोळे मिचकावीत होती. दिनकररावांनी सगळीकडे नजर फिरवली.

"हा चुना कुणाला विचारून लावला?"

"भिंतीला इचारलं," सुगंधाबाई म्हणाल्या. "ती न्हाई म्हणाली न्हाई."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडताच, परवानगी लागत नसल्याचा दाखला न घेता घर रंगवल्याबद्दल, सुगंधाबाईंच्या नावे पहिली फाइल निघाली.

त्या बाईंचे नाव अर्थात सुगंधाबाई नव्हते. खरे नाव इथे देता आले असते. पण वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी कचेरीला पोस्टकार्ड टाकील, आणि तेही कुणी मागितलेले नसताना, केवळ कळवलेले बरे म्हणून.