लाँड्रीवाल्याची भेंडी

लाँड्रीवाल्यानं ताटातली भेंडी चमच्यानं उचलली, तर तिच्यामागोमाग एक लांबलचक तार ताटापासून थेट त्याच्या मिशीपर्यंत आली. झालं! गुपचूप गिळली असती तर जेवण सुखात पार पडलं असतं. पण गुपचूप गिळणं या माणसाला कधी जमलंच नव्हतं.

"ही भाजी आहे की कपड्यांची खळ?" त्यानं विचारलं.

आता त्याचीही बाजू ऐकून घ्या. खालच्या दुकानात तो दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायचा. डाग निघाला नाही, बटण तुटलं, घडी वाकडी पडली, हा शर्ट माझा नव्हेच. सगळ्यांना "हो साहेब, चुकलं ताई" म्हणायचं. अशा माणसाला स्वतः तक्रार करायला जगात एकच जागा होती, जिना चढून वर, आपल्या ताटासमोर. तीच त्याची करमणूक, तीच विश्रांती. (आणि खरं सांगायचं तर त्याशिवाय त्याला भूकही लागत नसे.)

त्या दिवशी मात्र बायकोनं पळी खाली ठेवली. "आवडत नाही ना? उद्या तुम्ही करा. चांगली झाली तर आईसमोर हार कबूल करीन. नाही झाली, तर या घरात जेवणाला पुन्हा नाव ठेवायचं नाही. कधीच नाही."

मुक्कामाला आलेल्या सासूबाई एकदम सावरून बसल्या. मुलगी चमचा चाटायची थांबली.

"करीन!" लाँड्रीवाला गरजला. "भेंडीच ती! तिला काय भ्यायचंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून स्वारी भाजी आणायला निघाली. कोवळी भेंडी टोक मोडून ओळखतात एवढं त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं एक मोडली. मग दुसरी. माणूस मुळात संशयी, त्यामुळे हात थांबेना.

"मोडा की," भाजीवाली म्हणाली, "पण मोडलेली सगळी तुम्हीच न्यायची."

अख्खी टोपली घरी आली.

"आधी धुवा, फडक्यानं कोरडी पुसा आणि मग चिरा," बायको म्हणाली. "एवढंच सांगते. पुढं तुमचं तुम्ही बघा."

"धुण्यातलं तू मला शिकवणार?" लाँड्रीवाला खवळला. "अगं, शर्टाची कॉलर मिटलेली धुऊन भागतं का? मळ आत असतो! आधी उघडायचं, मग धुवायचं!"

आणि त्यानं टोपलीभर भेंडी चिरली, बादलीत ओतली, आणि बाह्या सरसावून कॉलर घासावी तशी घासायला लागला. पाणी बुळबुळीत झालं. त्यानं पाणी बदललं. ते जास्तच बुळबुळीत झालं. हे सगळं मळच निघतोय अशी समजूत करून घेऊन त्यानं कोमट पाणी घेतलं. आता हात वर काढला की बादलीही थोडी वर यायची.

"बाबा, बादली सोडत नाहीये तुम्हाला," मुलगी म्हणाली.

"जावईबापू, नीळ आत्ताच घालणार की नंतर?" सासूबाईंनी अगदी भोळेपणानं विचारलं.

बायको खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर सुट्टी लागल्यासारखा आनंद होता. तो आनंद बघून लाँड्रीवाल्याला पैज आठवली. म्हणजे उद्यापासून भात करपू दे, आमटी अळणी होऊ दे, आपण नुसती मान डोलवायची? जन्मभर? छे! प्राण गेला तरी बेहत्तर!

त्यानं एक धुतलेला उशीचा अभ्रा घेतला, सगळी भेंडी त्यात कोंबली, गाठ मारली, आणि तडक खाली जाऊन कपडे पिळायच्या मशीनमध्ये टाकून बटण दाबलं. मशीन हिसके देत फिरायला लागलं. नेमक्या तेव्हाच एक मास्तरीणबाई कोट न्यायला आल्या.

"आत काय आहे हो? थरथरतंय केवढं!"

"नाजूक माल आहे ताई."

"अन् खालून हिरवं काय गळतंय?"

"रंग जातोय. मी आधीच बजावलं होतं गिऱ्हाइकाला."

अभ्रा उघडला तर आत भेंडी खडखडीत नसली तरी बऱ्यापैकी कोरडी! लाँड्रीवाला दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. मोठी कढई, सढळ तेल, मोठा जाळ. भेंडी पडताच तेल तडतडलं.

"झाकण ठेवा, वाफेवर शिजू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मी लेकीला तसंच शिकवलंय."

आता कुणाचंच ऐकायचं नाही असं ठरवून बसलेल्या माणसानं झाकण ठेवलं नाही. मीठ घालायचं तो विसरला, ते शेवटी आठवलं. वरून लिंबू पिळलं. हट्टीपणा कधीकधी चुकून बरोबर निघतो तो असा. भेंडी कुरकुरीत झाली! तार नाही, चिकटपणा नाही, नावालासुद्धा नाही.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतली.

बायकोनं एक घास खाल्ला, मग दुसरा. "छान झालीय," ती म्हणाली. "हरले मी." बाई शब्दाची पक्की. लाँड्रीवाला त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा एकही तक्रार न करता जेवला.

दुसऱ्या दिवशी वर आला, तर ओट्यावर कढई त्याची वाट बघत होती. "एवढी चांगली करता, मग आम्ही कशाला बिघडवायची?" बायको म्हणाली. जिंकलेल्या माणसानं भेंडी केली. तिसऱ्या दिवशीही केली, शिवाय भातही लावला.

"परवाची जास्त कुरकुरीत होती," सासूबाई म्हणाल्या.

"मीठ कमी आहे, बाबा."

"आणि जरा जाड चिरलीत का हो?" बायको म्हणाली.

लाँड्रीवाल्याचं टाळकं सरकलं. उलट काहीतरी खोट काढावी म्हणून त्यानं ताटाकडे बघितलं, तर ताटात सगळं त्याच्याच हातचं. त्यानं टेबलावर मूठ आपटली. "बास! उद्यापासून मी भेंडी करणार नाही! सांगून ठेवतो!"

"बरं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मग वांगी करा."

लाँड्रीवाल्यानं छाती पुढं काढली, डोळे वटारले, आज या बाईंना चांगलं सुनवायचंच म्हणून तोंड उघडलं, आणि दुकानातल्या सवयीनं तो बोलून गेला,

"कधीपर्यंत हवीत?"