फिलिबस्टर आणि बाराची लाईन

शब्द शिकवावा तर मीच, असा अनसिंगकडच्या पट्ट्यात माझा लौकिक आहे. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी संध्याकाळी पोरं माझ्या ओट्यावर जमतात आणि मी रोज एक नवा शब्द सोडतो. मागच्या महिन्यात सोडला 'फिलिबस्टर'. ठराव पाडायला मतं कमी पडत असली, की अमेरिकेच्या सिनेटमधला सभासद उभा राहून नुसता बोलत सुटतो. मतदानाची वेळ येऊच देत नाही. मग त्यानं जेवावं कधी, अशी एकाला काळजी पडली. इकरानं, म्हणजे पोरांच्या संघातल्या सर्वांत वेगवान गोलंदाजानं, विचारलं, "सर, आपल्या इकडं चालते काय हे?"

"चालवणारा पाहिजे," मी ऐटीत म्हणालो. जीभ झडायची तर तेव्हाच झडायला हवी होती!

पुढच्या मंगळवारी ग्रामसभा होती आणि विषय माझाच होता: शाळेमागच्या मैदानावर वाचनालय. पोरं तिथं क्रिकेट खेळतात, पण ज्ञानापुढे क्रिकेट म्हणजे काय! त्या दिवशी ठराव झाला नसता, तर वाचनालय शेजारच्या गावाला जाणार होतं.

दहाची सभा अकराला भरली. सरपंच पंचफुलाबाईंनी ठराव वाचला. माना डोलल्या. हात वर होणार, तोच इकराची आजी सुलतानबी उठल्या. "मले दोन शब्द बोलाचे हायेत."

दोन शब्द! मैदानावरून त्या तिथल्या जुन्या चिंचेवर गेल्या, चिंचेवरून नणंदेच्या लग्नातल्या दालच्यावर आणि तिथून त्यात मीठ जास्त कोणी टाकलं याच्या चौकशीवर. मालगाडीसारखे डबेच संपेनात. इकरा खिडकीबाहेरून त्यांना मनगटावरचं घड्याळ दाखवत होती. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. बाराला शेतीची लाईन येते. वीज आली की अख्खं गाव विहिरीवरच्या मोटारी सुरू करायला पळतं, आणि गणपूर्ती नाही तर ठरावही नाही!

बाराला दहा कमी असताना सुलतानबींना ठसका लागला. पंचफुलाबाई म्हणाल्या, "झालं ना बाई? मंग करा हात वर."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण अन्याय सहन होईना. "हे भाषण नव्हतंच," मी उठून म्हणालो, "हा फिलिबस्टर होता!"

"थे काय असते?" मागच्या रांगेतल्या पुंजाजीनं विचारलं.

बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. मी बाह्या सावरल्या. म्हटलं, मूळ शब्द डच लोकांचा, अर्थ लुटारू. मग समुद्रातले चाचे आणले. ते गलबत कसं घेरत, दोर टाकून वर कसे चढत, हे हातवाऱ्यांसकट दाखवलं. सभा रंगली. सुलतानबीसुद्धा हनुवटीवर हात ठेवून ऐकत होत्या. ग्रामसेवक दोनदा खाकरले, तर मी म्हटलं, त्यांना पाणी द्या.

तेवढ्यात शेतावरून पुंजाजीला फोन आला. लाईन आली होती! चाचे गलबतावर चढले नसतील इतक्या वेगानं गाव दाराबाहेर पडलं.

ग्रामसेवकांनी वही मिटली. खिडकीतून इकरा म्हणाली, "सर, मंग त्या चाच्यायचं पुढं काय झालं?"

वाचनालय शेजारच्या गावाला गेलं, त्याचं दुःख आहेच. पण खरी रुखरुख वेगळी आहे. डचांचा तो शब्द स्पॅनिशमध्ये कसा शिरला, ते सांगायचंच राहून गेलं!