खाडी छाप नळीचा तपास

ज्याच्या नुसत्या चाहुलीने ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे चोर घाम पुसतात, तो उत्तमराव गुप्त पोलीस म्हणजे मीच. चैत्रात सगळेच घाम पुसतात, असं आमचे काही हितशत्रू म्हणतात. माझ्या दारावर 'येथे अत्यंत गुप्त तपास होतात' अशी पाटी आहे आणि ती थेट तलावापासून वाचता येते. आजवर माझ्याकडे आलेलं एकही रहस्य बाहेर फुटलेलं नाही. त्यातली बहुतेक मलाही कळलेली नाहीत, हे त्याचं एक कारण असावं.

गोष्ट अठराशे नव्व्याण्णव सालची. सकाळीच माझा मित्र श्रीपाद धापा टाकत आला.

"उत्तम, रखमाबाई गेल्या!"

"अरे, त्या दोन वर्षांपूर्वी प्लेगात गेल्या. तू फार उशिरा आलास."

"त्यांची नळी गेली रे!"

श्रीपादला फोनोग्राफचं वेड. तपकिरी मेणाची नळी यंत्रावर चढवायची, सुई टेकवायची, की कर्ण्यातून माणूस गायला लागतो. मुंबईच्या व्यापाऱ्यांना नव्या गाण्यांची हौस, जुन्या नळ्या कोण विचारतो? लोक त्या खरवडून त्यांवर आपल्या पोपटाचा आवाज भरत. श्रीपाद अशा नळ्या दारोदार मागून आणायचा. मग दोन यंत्रांचे कर्णे समोरासमोर ठेवायचे. एकावर जुनी नळी गाते आणि दुसऱ्यावरची कोरी नळी ते गाणं उतरवून घेते. अशा प्रती काढून, त्यांवर 'खाडी छाप' चिठ्ठी डकवून, हरवलेली गाणी पुन्हा घरोघरी पोचवायची म्हणून त्याने नुकताच कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे त्याची मधली खोली.

खाडी छापाचं पहिलं गाणं ठरलं होतं कल्याणच्या रखमाबाईंचं. त्यांच्या आवाजाची जगात एवढी एकच नळी होती. त्यांची मुलगी शेवंती त्याच संध्याकाळी ती ऐकायला येणार होती. तिने होकार दिला की मगच पहिली प्रत काढायची, असा श्रीपादने तिला शब्द दिला होता.

"आई गेल्यापासून तिने तो आवाज ऐकलेला नाही," तो म्हणाला. "ती दारात आली की मी काय सांगू तिला?"

त्याचे डोळे भरून आले होते. मलाही गलबललं. पण गुप्त पोलिसाने रडायचं नसतं, म्हणून मी भिंग काढलं.

मधल्या खोलीत मखमली पेटी उघडी आणि रिकामी पडली होती. श्रीपादने आदल्या दुपारी नळीवरची बुरशी पुसायला घेतली होती. तेवढ्यात त्याच्या बायकोने, विमलाबाईंनी, सतरंजी अंथरायला हाक मारली आणि नंतर तो विसरला. पेटीशेजारी माझं नाव लिहिलेला पत्र्याचा डबा होता. त्यात माझं भाषण होतं: 'माझे तपास व माझा स्वभाव'. श्रीपादने ते एकदाच वाजवलं होतं. सुईला विश्रांती हवी, असं तो म्हणायचा. काल संध्याकाळी मी बंदोबस्त पाहायला आलो, तर माझी नळी टेबलावर उघडीच! मीच ती डब्यात नीट बंद केली, नाहीतर चोराने आधी तीच उचलली असती.

"काल घरात कोण कोण आलेलं?"

"विमलचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. अर्धं ठाणं आलेलं."

मी चमकलो. काल निघताना पायरीवर भेटलेल्या एकूण एक बाईचं कुंकू नाकावर ओघळलेलं होतं.

"ती टोळीची खूण आहे, श्रीपाद! नाकावर कुंकू."

"त्या टोळीत तुझी बायकोही होती."

"म्हणूनच काल रात्री ती माझ्याशी बोलली नाही."

"एरवी बोलते?"

हा प्रश्न तपासाशी संबंधित नव्हता.

इतक्यात शेजारचा फेलिक्स सुतार कर्णा टेकवायची लाकडी घोडी घेऊन आला. मी त्याच्याकडे रोखून पाहिलं. पुढच्या आठवड्यात चर्चचा सण, सणाला मेणबत्त्या, मेणबत्त्यांना मेण!

"फेलिक्स, मेणबत्त्या कुठून आणल्यास?"

"वसईशी. का रे, तुला पायजे?"

"तपकिरी आहेत?"

"पांढऱ्या. तपकिरी मेणबत्ती आणली तर फादर मलाच पेटवंल."

त्याची साक्ष मी तूर्त राखून ठेवली आणि स्वयंपाकघरात शिरलो. आणि तिथे, वाचकहो, माझ्या बुद्धीचा विजय झाला. चुलीजवळच्या पितळी वाटीत खोबरेल तेलात कालवलेलं तपकिरी मेण होतं!

"सापडल्या!" मी ओरडलो. "श्रीपाद, या बघ रखमाबाई. वितळवल्या!"

श्रीपाद वाटीकडे पाहतच राहिला आणि मटकन उंबऱ्यावर बसला. माझा तपास पहिल्यांदाच अचूक निघाला होता आणि तो चुकावा असं मला मनापासून वाटत होतं.

विमलाबाई पाणी घेऊन मागच्या दाराने आत आल्या.

"काय झालं? वाटी कशाला घेतलीत, भावजी? कुंकवाखाली लावायचं मेण आहे ते. काल ऐन वेळी संपलं, ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, उत्तमच्या डब्यातली नळी घे, ती कुणी ऐकत नाही."

श्रीपाद माझी नजर चुकवू लागला. "मला वाटलं, हिने भलतीच नळी उचलली," तो पुटपुटला.

"अशक्य!" मी म्हणालो. "माझा डबा भरलेला आहे. काल मी स्वतः नळी त्यात..."

एवढं बोलून मी थांबलो. फेलिक्स खोकला. विमलाबाईंनी हंडा खाली ठेवला, मधल्या खोलीत जाऊन माझा डबा उघडला आणि पदरात धरून एक नळी आणली. तिच्या कडेला अजून बुरशी होती.

श्रीपादने ती दोन्ही हातांत घेतली. मग मला मिठी मारली, मग शिव्या दिल्या. दोन्ही मनापासून होतं.

"तुझ्या डब्यात कोण बघणार होतं रे!" तो म्हणाला.

संध्याकाळी शेवंती आली. सुई टेकली, थोडी खरखर झाली आणि कर्ण्यातून कुणीतरी खोकलं.

"आई," शेवंती म्हणाली. "गाण्याआधी अशीच खोकायची."

मग रखमाबाई गायल्या. संपल्यावर शेवंतीने डोळे पुसले.

"काढा प्रती," ती म्हणाली. "पण खोकला ठेवा."

खाडी छापाची पहिली प्रत त्याच रात्री निघाली, खोकल्यासकट.

मला भाषणाचं वाईट वाटलं नाही, असं नाही. पण अर्ध्या ठाण्याच्या कपाळी लागायचा मान किती गुप्त पोलिसांना मिळतो? घरी जाऊन बायकोला तसं सांगितलं.

"तरीच," ती म्हणाली. "घटकाभरसुद्धा टिकलं नाही."