खालची जागा

सोमवारी सकाळी विमानाच्या इंजिनातल्या चार आणि पाच नंबरच्या सिलिंडरांनी खालच्या जागेवरून बदली मागितली.

फ्लाइंग क्लबचे मेकॅनिक थोरवत त्या वेळी रोजच्यासारखा पंखा हाताने फिरवत होते. या जुन्या इंजिनात सात सिलिंडर गोलाकार बसवलेले. रात्रभर तेल झिरपून खालच्या दोघांत साचते. ते असे फिरवून काढल्याशिवाय इंजिन चालू करता येत नाही. आज पंखा हलेना.

"सगळ्यांचं तेल आमच्याच पोटात," चार नंबर म्हणाला. "आणि हा एक नंबर वर बसून वारा खातोय."

"मी ज्येष्ठ आहे," एक नंबर म्हणाला. "हे इंजिन आधी रणगाड्यात होतं, तेव्हाही मी वरच होतो."

"आणि आम्ही तेव्हाही खालीच! तेच तर म्हणतोय," पाच नंबर म्हणाला.

थोरवतांनी घड्याळ पाहिलं. दुपारी तपासनीस यायचे होते. विमान उडालं नाही तर ते गावातल्या शाळेच्या फाटकापाशी शोभेसाठी खांबावर चढवायचं, असं क्लबने ठरवलं होतं. थोरवतांचा उभा जन्म या विमानात गेला होता.

त्यांनी इंजिन उतरवून उलटं बसवलं. आता एक नंबर अडून बसला. "मी खाली? चारचौघांत?"

शेवटी थोरवतांनी क्रेन बोलावून विमान शेपटीवर उभं केलं, नाक आभाळाकडे. सातही सिलिंडर एका पातळीत आले. खाली कुणीच उरलं नाही. पंखा निमूट फिरला.

प्रशिक्षक कॅप्टन परुळेकर शिडीने चढून आत उताण्या झाल्या. "मिटलं ना यांचं, थोरवत?"

"मिटलं, मॅडम."

तपासनिसांसमोर विमान सरळ वर गेलं. "उड्डाण समाधानकारक," ते म्हणाले. "आता उतरवा."

वायरलेसवर मॅडमचा आवाज आला. "अहो, हे सातजण विमान आडवं होऊ देत नाहीत! आडवं झालं की कुणीतरी खाली येणार. खालचा कोण ते आधी ठरवा म्हणतात. इंधन संपत आलंय, थोरवत."

थोरवतांनी मान वर केली. वर एक ठिपका दिसत होता.

"सांगा त्यांना, खालचा मी."

वायरलेस जरा खरखरला. "एक नंबर विचारतोय, तेल घ्याल का?"

"घेईन."

विमान आडवं झालं आणि घिरट्या घेत उतरू लागलं. धावपट्टीच्या कडेला उभ्या थोरवतांच्या कपाळावर टपटप तेल पडलं.

तपासनिसांनी पेनचं टोपण काढलं. "तुमचा हुद्दा?"

"सिलिंडर, साहेब. आठ नंबरचा."

"कायम की हंगामी?"


थोरवतांनी डोळ्यांत उतरणारं तेल बाहीने टिपलं. "कायम लिहा."