सामुद्रधुनीचा श्रेणीबदलाचा अर्ज

विषय : ‘अति जोखीम’ या श्रेणीतून नाव वगळण्याबाबत सामुद्रधुनीने साताऱ्यास समक्ष येऊन केलेला अर्ज.

सदर सामुद्रधुनी सोमवारी कार्यालय उघडण्यापूर्वीच बाहेरच्या बाकावर येऊन बसली होती. आमची संस्था देशोदेशींच्या राजकारणाचे व अर्थकारणाचे विश्लेषण करते. कोणत्या समुद्रातून माल न्यावा आणि कोणत्या देशात पैसा घालू नये, हे आम्ही चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतून व्यापाऱ्यांना सांगतो. आवक-जावक मी पाहतो. सरकारी नोकरी संपली तरी अर्ज घेण्याची सवय जाईना, म्हणून इथे येतो.

“बाई, पाय जरा वर घ्या,” मी म्हणालो. “खाली दुकानात गळतंय.”

“भरतीची वेळ आहे. माझ्या हातात आहे का ते?”

मुख्य विश्लेषक उपळेकरबाई आल्या. त्यांनी सामुद्रधुनी कधी पाहिली नव्हती, पण त्यांच्याच अहवालामुळे जहाजांनी तिचा रस्ता सोडला होता. त्यांनी तिला चहा सांगितला.

“तुमच्या दोन्ही काठांवरचे देश एकमेकांवर तोफा रोखून बसलेत. जोखीम कमी कशी लिहू?”

“भांडण त्यांचं आणि नाव माझं खराब! जहाजं आली नाहीत तर माझ्यात गाळ बसेल. मग नकाशावाले मला खाडी म्हणतील. या वयात खाडी?”

“खाडी व्हायला काय हरकत आहे?” चष्मेवाले मेहेंदळे बादली घेऊन वर आले होते. “निदान एका जागी तरी राहाल.”

“तुमच्या दुकानाला उद्या टपरी म्हटलं तर चालेल?” तिने विचारले. मेहेंदळे बादली ठेवून गेले.

श्रेणी बदलण्यापूर्वी स्थळपाहणी करावी, असा आमचा नियम आहे. त्याप्रमाणे आमचे पाहणी अधिकारी श्री. बाबर रवाना झाले. तिकडून त्यांचा फोन आला, तो उपळेकरबाईंनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“बाई, स्थळ जागेवर नाही. दोन्ही काठ एकमेकांना येऊन भिडलेत.”

“आणि तोफा?”

“तोफांवर गोधड्या वाळत घातल्यात. इकडची पोरं तिकडे खेळायला जातात. दोन लग्नंही ठरलीत. मलाच जेवायला थांबा म्हणतायत.”

उपळेकरबाईंनी फोन ठेवला. “अभिनंदन. जोखीम शून्य.”

“मग मी निघते,” सामुद्रधुनी उठली.

“निघालात की काठ वेगळे होणार. तोफांवरच्या गोधड्या निघणार. मला पुन्हा ‘अति जोखीम’ लिहावं लागेल.”

“आणि नाही गेले तर?”

“तर श्रेणी द्यायला स्थळच नाही. शून्य लिहीन, पण कोणाच्या नावापुढे?”

सामुद्रधुनी दारापर्यंत जाऊन परत फिरली. मग तिने विचारले, “लग्नं कधी आहेत म्हणाले?”

“वैशाखात.”

“मग तोवर बसते. ऐन लग्नघरात कुठे मध्ये जाऊ?”

वैशाख होऊन गेला. एका सुनेला दिवस गेल्याचे श्री. बाबर कळवतात, ते अजून तिकडेच आहेत. ही बातमी मी सामुद्रधुनीला वाचून दाखवली. “पहिलटकरीण आहे, जपायला हवं,” एवढेच ती म्हणाली. तिच्या कडेने गाळ दिसू लागला आहे.

अर्ज प्रलंबित आहे.